ताट, बशी आणि वाटी

पावसाळाभर अडकून बसणारं न्हाणीघराचं दार परवा सकाळी एका बोटाच्या धक्क्यानं लागलं आणि मला कळलं, रायफल बाहेर काढायचे दिवस आले. हवा कोरडी झाल्याची बातमी पनवेलमध्ये दारं देतात. जून ते ऑक्टोबर आमच्या घरातलं प्रत्येक लाकूड पाणी पिऊन फुगतं, आणि मग एके दिवशी सगळं सोडून देऊन आपल्या मूळ मापावर येतं. त्याच आठवड्यात बाजारात वालाच्या कोवळ्या शेंगा दिसायला लागतात. पहाटे पांघरूण पायाशी न राहता खांद्यापर्यंत येतं. आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात दिवसभर सळयांच्या ट्रकांची चलनं करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या माझ्यासारख्या बाईला बंदुकीच्या तेलाचा वास आठवायला लागतो.

कपाटातून ती काढली की पहिलं काम ठरलेलं. एक जुनं पोस्टकार्ड घ्यायचं आणि लोखंडी नळी आणि तिच्याखालचं लाकूड यांच्यामधल्या फटीतून टोकापासून आतपर्यंत सरकवत न्यायचं. कार्ड न अडता गेलं तर नळी मोकळी आहे. अडलं, तर लाकूड तिला कुठंतरी खालून ढकलतंय, आणि इथं केसाएवढं ढकललेलं तीनशे मीटरवर वीतभर होऊन दिसतं. परवा कार्ड सुळकन गेलं. त्यावर आत्याचं अक्षर आहे. शाई पुसत पुसत आता ‘बाकी सर्व क्षेम’ एवढंच उरलंय.

रायफल आजोबांची. बोल्टची, लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची शिकारी रायफल. आजोबा तिच्यावर भातात शिरणारी रानडुकरं मारायचे. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या तरुणपणी शिकार कायद्यानं बंद झाली, आणि तेव्हापासून तिनं कागदाशिवाय काहीही मारलेलं नाही. अण्णा पाटबंधारे खात्यातून ओव्हरसीयर म्हणून निवृत्त झाले. कालव्याचा उतार मोजण्यात जन्म गेलेला माणूस, त्यामुळे दूरचं अचूक मारणं हा त्यांचा नाद आम्हाला कधी विचित्र वाटला नाही. घरात त्या नादाची मापं मात्र स्वयंपाकघरातली होती. रविवारी मारलेले कागद घरी आणून अण्णा ते टेबलावर पसरायचे आणि तीन गोळ्यांची भोकं कशाखाली झाकतात ते बघायचे. ताट लागलं तर दिवस वाया. बशीखाली झाकली तर बरं. आमटीच्या वाटीखाली झाकली तर आईला शिरा करावा लागायचा. आई म्हणायची, “भांडी मोजायला बरी नेता, घासायला कधी नेली नाहीत.”

आणि एक नियम होता, मला पहिल्यांदा रायफलमागं आडवं झोपवलं तेव्हाच सांगितलेला. गोळी सुटली की दुर्बिणीत बघायच्या आधी ती कुठं गेली ते तोंडानं सांगायचं. चाप सुटतो त्या क्षणी रायफलीच्या दुर्बिणीतला नेमाचा काटा कुठं होता हे मारणाऱ्याला ठाऊक असतं, असलंच पाहिजे. “मध्ये.” “उजवीकडे, दोन बोटं.” मग समोरच्या खड्ड्यातला माणूस बांबूच्या टोकावरची लाल चकती कागदावर ठेवून दाखवायचा, आणि सांगितलेलं आणि दाखवलेलं जुळलं की अण्णा नुसतं “हं” म्हणायचे. “ज्याला आपली गोळी कुठं गेली ते सांगता येत नाही,” ते म्हणायचे, “त्यानं बंदूक बाळगू नये. ज्या दिवशी मला सांगता येणार नाही, त्या दिवशी मी ही पोलीस ठाण्यात जमा करीन आणि कपाटाची चावी तिथंच टाकून येईन.” अण्णा एकदा म्हणाले की करायचे. आमच्याकडे त्यांनी चहा सोडला तो असाच एका वाक्यात सोडला होता, अडीच वर्षांसाठी.

मला जो हिवाळा आठवतो तो सात-आठ वर्षांपूर्वीचा. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. अण्णा आठवड्याचे सहा दिवस बंद घड्याळासारखे असायचे. रविवारी सकाळी मात्र दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि गाडीत बसल्यापासून बोलायला लागायचे. शिरढोण मागं पडलं की डोंगर जवळ यायचे आणि अण्णांचा आवाज मोठा व्हायचा. रस्त्याच्या कडेचं गवत तेव्हा सोनेरी झालेलं असायचं, धुकं अजून बांधांवर रेंगाळलेलं असायचं, आणि मला वाटायचं की हा रस्ता असाच चालू राहावा, रेंज येऊच नये. त्या एका दिवसावर ते उरलेले सहा काढतात हे मला दिसत होतं. रविवार गेला तर अण्णा जातील, अशी भीती मला वाटायची. ती मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

रेंज म्हणजे डोंगराच्या पोटाशी असलेलं, रायफल क्लबचं नेमबाजीचं एक लांबट माळरान. या टोकाला सिमेंटचा ओटा, त्या टोकाला मातीचा उंच बांध, आणि बांधाच्या अलीकडं खोल खड्डा. त्या खड्ड्यात नामा बसायचा. नामा जवळच्या वाडीवरचा, माझ्याच वयाचा. पावसाळा संपला की वाडीतली माणसं वीटभट्टीवर जायची, पण रविवारचा नामा क्लबचा. कागद लावायचा, चकती दाखवायची, भोकं चिकटवायची. आम्हाला कागद तीनशे मीटरवरून दिसायचा, त्याला हातभर अंतरावरून.

त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्याच रविवारी गोळ्या वर चढायला लागल्या. पहिली मध्ये, दुसरी चार बोटं वर, तिसरी वीतभर वर. अण्णांना यात नवल वाटलं नाही. पावसानं लाकूड फुगलंय, नळी तापून फुगली की लाकडावर टेकते आणि तोंड वर करते. पोस्टकार्ड अर्ध्यातच अडकलं होतं. “आपली रायफल चुकली की वर जाते,” ते म्हणाले, “बाबांच्या वेळेपासून.” त्या बोलण्यात जवळजवळ कौतुक होतं.

रायफल युसुफचाचांकडे गेली. जुन्या पनवेलातल्या मोहल्ल्यात त्यांचं दुकान, बाहेर सरकारमान्य बंदूक दुरुस्तीची पाटी, आत एक माणूस बसेल एवढीच जागा. चाचांनी लाकडावर अंगठा फिरवला. “अण्णासाहेब, सबर करा. आत्ता हात नको लावायला. पाणी प्यायलीय ही लकडी. महिनाभर सुकू दे, मग जिथं टेकते तिथंच घासू.”

सबर हा शब्द अण्णांच्या शब्दकोशात नव्हता. मी कचेरीत असताना त्यांनी गॅलरीत बसून, पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून, दस्ता आतून घासला. नळीखाली घासला, आणि हात लागलाच आहे तर जिथं रायफलीचं लोखंडी अंग लाकडात बसतं तिथंही घासला. संध्याकाळी कार्ड सरसर फिरवून दाखवलं. गॅलरीभर अक्रोडाची तपकिरी भुकटी होती आणि अण्णांच्या भुवयांवरसुद्धा. मग थंडी पडली, लाकूड सुकलं, आकसलं, आणि रायफलीचं अंग त्या खोबणीत खुळखुळायला लागलं.

चाचांनी ते हलवून बघितलं आणि चष्म्यावरून अण्णांकडे बघितलं. “पावसाळ्यात दाराला रंधा मारणारी माणसं तुम्ही. मग थंडीत फटीतून हवा येते म्हणून परत सुताराला बोलवणार.” अण्णा शाळेतल्या मुलासारखे पायांकडे बघत उभे होते. मला हसू आवरेना. आमच्या गावात ही चूक प्रत्येकानं एकदा तरी केलेली असते, फक्त दाराच्या बाबतीत.

मग डिसेंबरभर ती दुरुस्ती चालली. चाचा म्हणाले, नुसतं लाकूड नको, स्क्रू जातात त्या दोन्ही भोकांत लोखंडी नळकांड्या बसवू, म्हणजे स्क्रू आवळले तरी लाकूड दबायचं नाही. मी कळंबोलीहून करंगळीएवढ्या दोन नळकांड्या लेथवर करून आणल्या. आयुष्यभर टनावारी लोखंडाचे कागद केले, पण रुमालात बांधून घरी आणलेलं लोखंड तेवढंच. चाचांनी त्या बसवल्या, खोबणीत रेझिन भरलं आणि त्यात रायफलीचं अंग असं बसवलं की कुठं केसाचीही जागा राहिली नाही. दोन दिवस ते सुकत होतं आणि दोन्ही दिवस अण्णा दुकानात जाऊन बसले. परत येताना माझ्यासाठी शेवयांची खीर आणायचे, चाचींनी दिलेली. त्या दिवसांत घरात शांतता असायची, पण ती आधीसारखी अंगावर येत नव्हती.

रायफल परत आली आणि गोळ्या वर चढायच्या थांबल्या. पण अण्णांचं ताट काही बशी होईना.

त्या दिवशी कागद आणायला मी खड्ड्यापर्यंत चालत गेले. नामानं कागद माझ्या हातात दिला नाही, धरून ठेवला.

“ताय, तुला सांगू का?” तो म्हणाला. “बंदूक चुकते ना, ती एकाच वाटंनं चुकते. आदी ही वर जायची, सगल्या वर. आता बग. ही खाली हाय, ही तिकडं हाय, ही पार कोपऱ्यात. ही बंदुकीची चूक नाय.”

मी कागदाची दुसरी कड धरली.

“आमी काय बोलनार नाय,” नामा म्हणाला. “मी चकती मदीच दाखवली असती. पन ते कागुद घरी नेतात.”

मला हे माहीत होतं. पावसाळ्यातच कधीतरी अण्णांनी कपबशी सोडून स्टीलच्या पेल्यात चहा घ्यायला सुरुवात केली होती. बशी वाजायला लागली होती म्हणून. मीही दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा चहा पेल्यातच ओतला, आणि दोघांनीही त्यावर एक अक्षर काढलं नाही. आता गोळी सुटली की ते “मध्ये” म्हणायचे आणि लाल चकती भलतीकडेच उगवायची. ते चकतीकडे बघत राहायचे, मग रायफलीकडे. “अजून काहीतरी आहे तिच्यात,” म्हणायचे.

म्हणून आम्ही शोधत राहिलो. दुर्बिणीचे स्क्रू काढून परत सारख्या ताकदीनं आवळले. चाचांनी चाप हलका केला. उलव्याकडे तेव्हा विमानतळासाठी डोंगर फोडत होते, त्या सुरुंगांनी जमीन हादरते म्हणून अण्णांनी एक अख्खा रविवार सुरुंगांच्या वेळा लिहून काढल्या आणि त्या टाळून गोळ्या मारल्या. मग त्यांना काडतुसांचा संशय आला. त्यांच्या शाळेतल्या मित्राचं सराफीचं दुकान. तिथून काचेच्या पेटीतला जुना काटा आणला, आणि सकाळच्या उन्हात जेवणाच्या टेबलावर आम्ही एकेक काडतूस तोललं. जड एकीकडे, हलकी दुसरीकडे, अगदी सारखी मधल्या ताटलीत. ज्या पारड्यानं गावातल्या किती मुलींचे दागिने तोलले, त्यात पितळी काडतूस डुलत होतं. चिमट्यानं गुंजभर वजनं ठेवायचं काम अण्णांनी न बोलता माझ्याकडे सरकवलं आणि स्वतः वही घेतली. वहीतलं अक्षर मुंगीएवढं बारीक झालेलं मी पाहिलं. काच उन्हात चमकत होती. बाहेर कुणीतरी तांदळाचे पापड वाळत घालत होतं. इतकं सुख आणि इतकं दुःख एकाच टेबलावर मी नंतर कधी पाहिलं नाही.

कारण एव्हाना मला पुढचं दिसायला लागलं होतं. आम्ही रायफल जितकी सुधारत होतो तितकी अण्णांची सबब कमी होत होती. लाकूड सुटलं, खोबण सुटली, स्क्रू, चाप, काडतुसं, सुरुंग, सगळे आरोपी एकेक करून निर्दोष सुटले. आता खोलीत दोघंच उरले होते, रायफल आणि अण्णा.

जानेवारीतल्या एका रविवारी अण्णा ओट्यावर बसले आणि म्हणाले, “मंजू, आज तू मार. तीनच. रायफल नीट असेल तर तुझ्या हातून वाटी येईल. आली, की मग मी काय ते ठरवतो.”

काय ठरवणार ते मला ठाऊक होतं. मी सतरंजीवर आडवी झाले. दस्ता गालाला गार लागला. कानांवर टोप्या चढवल्या की जग दूर जातं आणि आपलाच श्वास मोठा ऐकू येतो. दुर्बिणीत उन्हानं तापलेली हवा पाण्यासारखी वाहत होती, आणि त्या पाण्याच्या तळाशी कागद शांत पडलेला होता. पहिली गोळी. बोट दाबत गेलं आणि चाप कधी सुटला ते मला कळलंच नाही, जसं कळू नये तसं.

“मध्ये,” मी म्हणाले. चकती मध्ये उगवली.

“मध्ये.” पुन्हा मध्ये. पहिल्या भोकाला जवळजवळ चिकटून.

इतकी गोड रायफल मी तोपर्यंत कधी चालवली नव्हती. आता फक्त तिसरी मारायची, की वाटी होणार, आणि दाढी केलेले अण्णा उद्या पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढणार. मी श्वास सोडला. काटा वीतभर डावीकडे नेला, तिथं धरून ठेवला, आणि गोळी सोडली.

“कुठं गेली?” अण्णांनी विचारलं.

“मध्ये,” मी म्हणाले.

चकती यायला वेळ लागला. नामा बहुतेक विचार करत असावा. मग ती हळूच डावीकडे उगवली. अण्णा ओट्यावर तिपाईवर ठेवलेल्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बराच वेळ बघत बसले.

“मध्ये म्हणालीस ना?”

“हो.”

“हं,” ते म्हणाले. “म्हणजे अजून काहीतरी राहिलंय तिच्यात.” त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी मला शिकवलेल्या एकाच गोष्टीत मी त्यांच्याशी खोटं बोलले होते, आणि परतीच्या रस्त्यावर गाडी चालवताना मला निर्लज्जपणे आनंद होत होता.

रायफल पुन्हा चाचांकडे. अण्णा बाहेर कुणाशी बोलत थांबले तेवढ्यात चाचा हळू आवाजात म्हणाले, “बेटा, हिच्यात आता खुदाच काही सुधारू शकेल. काय राहिलंय?” मी तिसऱ्या गोळीचं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मला झूट बोलायला नको सांगू. आठ दिवस राहू दे इथं, तेल करतो. तेल करणं झूट नाही.”

आता हे सगळं आठवतं तेव्हा आमच्या डोक्यावरून विमानं जातात. ज्या डोंगरांच्या सुरुंगांवर आम्ही अख्खा रविवार घालवला त्यांच्या जागी धावपट्टी आहे. चाचा आता दुकानात कमी बसतात. रायफलीचं लायसन्स माझ्या नावावर आहे, आणि ऐंशी ओलांडलेले अण्णा अजून रविवारी दाढी करतात, कट्ट्यावर खुर्ची टाकून मोठ्या दुर्बिणीजवळ बसतात आणि बघायच्या आधी विचारतात, “कुठं गेली?” मी खरं तेच सांगते. आमच्याकडे आता वाटी नेहमीची झालीय, शिरा मी माझा मलाच करते.

पण मला सांगायचा आहे तो त्या हिवाळ्यातला शेवटचा रविवार. चाचांकडून आलेली रायफल अण्णांनी रेंजवर नेली खरी, पण पेटीतून काढली नाही. “आज वारा आहे,” म्हणाले. वारा काही नव्हता. दुपारी नामानं रेंजच्या कुंपणापलीकडे, कापणी झालेल्या खाचरात पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, खडं मीठ, मध्ये अंडी, वर पुन्हा पाला, आणि मडकं उपडं करून भोवती पेंढ्याचा जाळ. जाळ विझत आला की भांबुर्डीचा तो उग्र, औषधी वास सुटतो. आम्ही तिघं बांधावर बसलो होतो. समोरचा डोंगर उन्हात तरंगत होता आणि मला झोप येत होती.

अण्णा जाळाकडे बघत म्हणाले, “मंजू, खोटीच मारायची होती तर वर मारायचीस.”

मला आधी कळलं नाही. मग कळलं.

“आपली रायफल चुकली की वर जाते. डावीकडे ती जन्मात गेलेली नाही.” मग माझ्याकडे वळले. “पण काय मारलीस. पहिल्या दोन्हींच्या बरोब्बर उंचीवर. केसाचाही फरक नाही. मी रोज काढून बघतो तो कागद.” मग थोड्या वेळानं, “उद्या अर्ज करू. तुझ्या नावावर.”

“त्याच दिवशी का नाही बोललात?” मी विचारलं.

“म्हटलं, चार रविवार मिळतायत तर घ्यावेत,” अण्णा म्हणाले.

नामानं काठीनं मडकं उलटं केलं आणि शेंगा पाल्यावर ओतल्या. वाफ निघाली. त्यानं ओंजळभर शेंगा अण्णांपुढं धरल्या. गेले कित्येक महिने चारचौघांत खिशात नाहीतर पाठीमागं असणारे दोन्ही हात अण्णांनी पुढं केले. ते थरथरत होते. शेंगा हातातून निसटून खाचरात पडत होत्या, नामा त्या उचलून परत हातावर ठेवत होता, आणि अण्णा हात मागं घेत नव्हते.